मातीतले बॅक्टेरिया, गोव्यातला कचरा आणि इंडस्ट्रीतले एन्झाइम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काजूचा सीझन आणि कॉलेजच्या प्रोजेक्टची सबमिशन साधारण एकाच सुमाराला येतात, त्यामुळे फुकटच्या कचऱ्यावर मातीतले बॅक्टेरिया वाढवून एन्झाइम कसं काढायचं याबद्दल फेब्रुवारी ते मे सगळ्यात जास्त प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत बीएस्सी-एमएस्सीची मुलं, काजूची भट्टी चालवणारे, बचत गटातल्या बायका, पोल्ट्रीवाले असे सगळेच असतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून इथे एकत्र करून ठेवलेत. आधीच सांगते, कचरा फुकट मिळतो हे खरं, पण कुठला कचरा, कुठला बॅक्टेरिया आणि कुठलं एन्झाइम हे जुळलं नाही आणि नीट मोजलं नाही तर शेवटी हातात फक्त वास मारणारं पाणी राहतं. खाली जवळजवळ प्रत्येक उत्तरात फिरून हाच मुद्दा येणार आहे.

१. एन्झाइम म्हणजे नक्की काय, आणि मातीतला बॅक्टेरिया ते कशाला बनवतो?

एन्झाइम म्हणजे एक प्रोटीन, जे एखादी रासायनिक क्रिया खूप वेगाने घडवून आणतं आणि स्वतः संपत नाही. बॅक्टेरियाला तोंड नाही, पोट नाही, भाताचा स्टार्च किंवा माशाचं प्रोटीन एवढे मोठे रेणू त्याला थेट आत घेता येत नाहीत, म्हणून तो एन्झाइम बाहेर सोडतो, अन्न बाहेरच तोडतो आणि छोटे तुकडे आत ओढतो. आपल्याला फायद्याचं हेच की माल पेशीच्या बाहेर येतो, पेशी फोडत बसावं लागत नाही. स्टार्च तोडतो तो अमायलेज, कापडावरची खळ काढायला आणि बेकरीत लागतो. प्रोटीन तोडतो तो प्रोटिएज, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि चामड्यावरचे केस काढायला. तेल-तूप तोडतो तो लायपेज. फळांच्या गरातलं पेक्टिन तोडतात ती पेक्टिनेज, आणि पालापाचोळ्यातला सेल्युलोज तोडतो तो सेल्युलेज.

२. बुरशीपासूनही एन्झाइम बनतात ना, मग बॅक्टेरियाच का?

बनतात, आणि धंदा म्हणून सुरुवात तिथूनच झाली. जोकिची ताकामिने या जपानी केमिस्टने १८९४ मध्ये गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून काढलेल्या डायस्टेजचं (स्टार्च तोडणारं एन्झाइम) अमेरिकेत पेटंट घेतलं. म्हणजे स्वस्त कोंड्यावर एन्झाइम ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पण बुरशीला चार-पाच दिवस लागतात आणि तिची बरीचशी एन्झाइम आंबट पीएचला (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) बरी चालतात. बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया एक-दोन दिवसात माल देतात, त्यातल्या अनेकांची एन्झाइम साबणाच्या अल्कलाइन पाण्यात टिकतात, बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचा अमायलेज तर ९० अंशांच्या आसपासही काम करतो. शिवाय बॅसिलस स्पोर, म्हणजे जाड कवचाच्या झोपलेल्या पेशी, बनवतो, त्यामुळे मे महिन्यातल्या कोरड्या तापलेल्या मातीतही तो जिवंत सापडतो.

३. माती कुठून आणायची? गोव्यात सगळ्यात चांगली जागा कुठली?

"सगळ्यात चांगली" अशी एक जागा नाही, जिथे ज्या पदार्थाचा कचरा वर्षानुवर्षं पडतो तिथे तो खाणारा बॅक्टेरिया आधीच बसलेला असतो, त्याच्याकडे जायचं. अमायलेज हवा तर भाताच्या गिरणीच्या मागची माती किंवा हॉटेलच्या मागे जिथे भाताचं, पेजेचं पाणी ओततात ती जागा. प्रोटिएज हवा तर मासळी मार्केटचं गटार जिथे मातीत उतरतं तिथली माती, किंवा जिथे बांगडे-सुंगटं (कोळंबी) वाळत घालतात ती जमीन. सेल्युलेजसाठी कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) पोफळीखालचा ओला पाला. मिठाला न घाबरणारं एन्झाइम हवं असेल तर खाजन (खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतं) आणि मिठागरं, आगरवाडो, हडफडे या बाजूला अजून मिठागरं आहेत आणि माझ्या मते गोव्याची खरी श्रीमंती या कामात तिथेच आहे, कारण साधा बॅसिलस कुठेही मिळतो पण एवढ्या मिठात जगणारा सगळीकडे मिळत नाही.

वरचा थर बाजूला करून ५ ते १० सेंटिमीटर खालची थोडी माती स्वच्छ चमच्याने घ्या, नव्या पिशवीत भरा, तारीख-जागा लिहा, लगेच लॅबला न्यायची नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. जमीन कोणाची आहे त्याला विचारून घ्या. हॉस्पिटलच्या सांडपाण्याजवळची माती अजिबात घेऊ नका.

४. एवढ्या बॅक्टेरियांतून आपला कसा शोधायचा?

१ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक मिठाच्या पाण्यात हलवायची, मग ८० अंशांवर १० मिनिटं ठेवायची, यात साधे बॅक्टेरिया मरतात आणि स्पोरवाले उरतात. मग दहा-दहा पट पातळ करत जायचं आणि प्लेटवर पसरायचं. प्लेटमध्ये जे खाणं घालाल तसा बॅक्टेरिया दिसतो. स्टार्चची प्लेट असेल तर वाढ झाल्यावर वरून आयोडीन ओतायचं, सगळीकडे निळं-काळं होतं आणि अमायलेजवाल्या कॉलनीभोवती (बॅक्टेरियाच्या ठिपक्याभोवती) स्वच्छ गोल राहतो, त्यालाच झोन म्हणतात. प्रोटिएजसाठी स्किम मिल्कची प्लेट, पांढऱ्या प्लेटवर पारदर्शक गोल पडतो, आयोडीन-बियोडीन काही लागत नाही. सेल्युलेजसाठी सीएमसी (पाण्यात विरघळणारा सेल्युलोज) घातलेली प्लेट, काँगो रेड हा रंग ओतून मग मिठाच्या पाण्याने धुवायचं. लायपेजसाठी ट्रायब्युटिरिन या फॅटची प्लेट.

आयोडीनने कॉलनी मरतात, म्हणून त्याच कॉलनी दुसऱ्या प्लेटवर आधी उतरवून ठेवायच्या. हे दर वर्षी कोणीतरी विसरतं आणि मग परत मातीपासून सुरुवात करावी लागते.

५. ज्याचा झोन सगळ्यात मोठा तोच घ्यायचा ना?

नाही. झोन म्हणजे एन्झाइम जेलीत किती लांब पसरलं, त्यात कॉलनीचं वय, अगारची (प्लेटमधल्या जेलीची) जाडी, एन्झाइमच्या रेणूचा आकार सगळं मिसळलेलं असतं. झोनवरून फक्त यादी छोटी करायची, वरचे चार-पाच घ्यायचे, सगळ्यांना तुम्ही खरंच जो कचरा वापरणार आहात त्याच्यावर वाढवायचं आणि युनिट, म्हणजे एन्झाइमच्या कामाचं माप, मोजायची (मोजणी प्रश्न १२ मध्ये). प्लेटवर पहिला आलेला कोंड्यावर तिसरा येतो असं खूप वेळा होतं.

६. गोव्यात स्वस्तात कुठला कचरा मिळतो आणि कशाला वापरायचा?

भाताचा कोंडा सगळ्यात सोपा, स्टार्च आहे, थोडं प्रोटीन आहे, अमायलेजला मस्त. अडचण एवढीच की ताज्या कोंड्यात त्याचा स्वतःचाच लायपेज असतो, काही दिवसात तेल खवट होतं, म्हणून गिरणीतून आणल्या आणल्या भाजून किंवा वाफवून ठेवायचा. उकड्या तांदळाचा कोंडा त्या मानाने जास्त टिकतो कारण भात आधीच उकडलेला असतो. गव्हाचा कोंडा विकत घ्यावा लागतो पण प्रयोगशाळेत तुलनेसाठी तो ठेवाच, जगभर सगळे त्याच्यावरच आकडे देतात.

खोबऱ्याची पेंड हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित माल आहे. तेल काढल्यावरही थोडं तेल राहतं आणि प्रोटीन भरपूर, म्हणजे लायपेज आणि प्रोटिएज दोघांना चालते. पावसाळ्यात पेंडीवर हिरवी-पिवळी बुरशी येते, ती आलेली पेंड फेकून द्या, धुवून वापरू नका, त्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं.

फणसाच्या आठळ्यांत स्टार्च खूप, जूनमध्ये ढिगाने मिळतात, कापून वाळवून दळून ठेवता येतात. उसाच्या रसवाल्याकडचं चिपाड सेल्युलेजसाठी घेतात पण नुसतं चिपाड बॅक्टेरियाला फार कडक पडतं, आधी सौम्य अल्कलीत भिजवावं लागतं. सुंगटांच्या साली कायटिनेजसाठी (सालीतलं कायटिन तोडणारं एन्झाइम), पण सालीत कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते पातळ ॲसिडने काढल्याशिवाय कायटिन हाताला लागत नाही. कोंबडीची पिसं केराटिनेजसाठी (पिसांतलं केराटिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम), पिसं नुसती साठवली तर वर्षभर कुजत नाहीत आणि योग्य बॅसिलस लायकेनिफॉर्मिस मिळाला तर थोड्या दिवसात विरघळतात. ब्रुवरीतलं उरलेलं धान्य चांगलं असतं पण ओलं असतं, एक-दोन दिवसात आंबतं, जवळ राहत असाल तरच त्याच्या मागे लागा.

कचरा निवडताना तो वर्षातून किती महिने मिळतो आणि वाळवायला किती खर्च येतो हे आधी बघा. फुकटचा ओला कचरा टेंपोने आणून गॅसवर वाळवला की तो विकतच्या कोंड्यापेक्षा महाग पडतो.

७. काजूच्या बोंडूचा (फळाचा) चोथा वापरता येतो का? दर वर्षी टनाने फेकतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि साहजिक आहे, हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारूंसाठी रस काढला की चोथा भट्टीच्या बाजूला पडून राहतो, माश्या येतात, वास येतो. वापरता येतो, पण सगळ्या एन्झाइमसाठी नाही.

पहिली अडचण साखर. पिळल्यावरही चोथ्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज राहतं आणि ते अमायलेजला मारक आहे (का ते प्रश्न ११ मध्ये). दुसरी अडचण टॅनिन, बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तो त्याच्यामुळेच. टॅनिन प्रोटीनला चिकटतं, एन्झाइम हे प्रोटीनच, म्हणजे बॅक्टेरियाने बनवलेलं एन्झाइम तिथल्या तिथे बांधलं जातं आणि तुम्हाला वाटतं बॅक्टेरिया काम करत नाही. तिसरी, चोथा आंबट असतो आणि बॅसिलसला ७ च्या आसपासचा पीएच लागतो.

म्हणून चोथा त्याच दिवशी गरम पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, साखर आणि बरंचसं टॅनिन जातं, मग कडक उन्हात पातळ पसरून वाळवायचा, दळायचा, आणि वापरताना पीएच ७ वर आणायचा. एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे, पहिला पाऊस पडायच्या आधी साठा बंद डब्यात गेला पाहिजे. धुतलेल्या चोथ्यात पेक्टिन आणि सेल्युलोज राहतं, त्यामुळे पेक्टिनेजसाठी तो खरंच चांगला आहे, बॅसिलसचा पेक्टेट लायेज (पेक्टिन तोडणारं एक एन्झाइम) अल्कलाइन पीएचला चालतो आणि सुती कापड प्रोसेस करताना त्याला मागणी आहे. नुसत्या चोथ्यात नायट्रोजन कमी पडतो, थोडी पेंड किंवा कोंडा मिसळा.

काजूच्या बियांचं टरफल मात्र चुकूनही मिसळू नका. त्यातल्या तेलात ॲनाकार्डिक ॲसिड असतं, ते हाताची सालं काढतं आणि बॅसिलससारख्या ग्राम-पॉझिटिव्ह बॅक्टेरियाला मारतं.

८. पाण्यात वाढवायचं की कोंड्यावरच?

दोन्ही चालतं. पाण्यात वाढवलं तर फ्लास्क शेकरवर ३७ अंश, १५० आरपीएम, २४ ते ७२ तास, पीएच आणि हवा सांभाळणं सोपं, मोठ्या कंपन्या हेच टाकीत करतात. पण एन्झाइम खूप पाण्यात पातळ होतं, आणि शेकरला चोवीस तास वीज लागते.

कोंड्यावर, म्हणजे सॉलिड स्टेटमध्ये, २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम कोंडा, १० ते १५ मिली क्षारांचं पाणी, निर्जंतुक करून रात्रभर वाढवलेलं १ मिली कल्चर (बॅक्टेरिया वाढलेलं पाणी), आणि दोन-तीन दिवस. ओलावा किती ते बघायला कोंडा मुठीत दाबायचा, गोळा झाला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. बॅसिलसला बुरशीपेक्षा जास्त ओल लागते, पण चिखल झाला की हवा जात नाही. जपानी नॅट्टो याच पद्धतीने सोयाबीनवर बॅसिलस सब्टिलिस वाढवून बनतं. ट्रेमध्ये करायला गेलात तर थर तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड नको, मधे उष्णता अडकते आणि कल्चर स्वतःच भाजून निघतं.

लहान प्रमाणात, वीज जाते-येते अशा गावात करणार असाल तर मी कोंड्याच्याच बाजूची आहे. एन्झाइम काढताना दहा पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाणी) घालून अर्धा-एक तास हलवायचं, मलमलच्या कापडातून पिळायचं, मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून गाळ खाली बसवायचा.

९. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) नाही. घरचा प्रेशर कुकर चालेल का?

शिकण्यापुरता चालेल. १५ पाउंड प्रेशरला आत १२१ अंश येतात, पातळ मीडियाला (बॅक्टेरियाच्या खाण्याच्या पाण्याला) २० मिनिटं पुरतात, पण कोंडा किंवा चोथा उष्णता हळू आत घेतो म्हणून ३०-४० मिनिटं द्या आणि फ्लास्क गच्च भरू नका. नुसतं उकळून होणार नाही, कोंड्यात आधीच दुसऱ्या बॅसिलसचे स्पोर असतात आणि ते उकळत्या पाण्यात जगतात. मग तुम्ही घातलेला बॅक्टेरिया एक आणि वाढलेला दुसराच असं होतं. म्हणून एक फ्लास्क कल्चर न घालता तसाच ठेवा, त्यात काही वाढलं तर त्या बॅचचे आकडे धरू नका. स्वयंपाकाचा कुकर आणि हा कुकर वेगळा ठेवा.

१०. संत्र्याची सालं, गूळ, पाणी घालून तीन महिने ठेवतात ते बायोएन्झाइम हेच का?

नाही. त्यात गुळावर यीस्ट आणि आंबवणारे बॅक्टेरिया वाढतात आणि मुख्यतः आंबट ॲसिडं तयार होतात, फरशी साफ होते ती बरीचशी त्यांच्यामुळे. घरी वापरायला हरकत नाही, चांगली सवय आहे. पण त्यात कुठलं एन्झाइम किती आहे ते कोणी मोजलेलं नसतं आणि एवढ्या आंबट पाण्यात तीन महिने फारसं एन्झाइम टिकतही नाही. एन्झाइम म्हणून विकायचं असेल तर बाटलीवर युनिट लिहावी लागतात.

११. गूळ किंवा साखर घातली तर बॅक्टेरिया जास्त वाढेल, मग एन्झाइमही जास्त येईल ना?

बॅक्टेरिया वाढेल, एन्झाइम बहुतेक कमी होईल. तयार ग्लुकोज समोर असताना स्टार्च तोडायची मेहनत बॅक्टेरिया करत नाही, अमायलेजचा जीनच दाबून ठेवतो, याला कॅटाबोलाइट रिप्रेशन म्हणतात. म्हणूनच कोंडा चांगला, तो हळूहळू साखर सोडतो. प्रोटिएजच्या बाबतीत अमोनियम सॉल्ट आणि सहज मिळणारी अमिनो ॲसिडं जास्त झाली तरी असंच होतं. थोडी साखर सुरुवातीला वाढ पकडायला काही जण देतात, ते ठीक, पण ती किती हे तुमच्या स्ट्रेनवर (निवडलेल्या बॅक्टेरियाच्या वाणावर) करून बघायचं.

१२. किती एन्झाइम तयार झालं ते कसं मोजायचं? आमच्या ब्लँकलाच रंग येतो.

अमायलेजसाठी डीएनएस पद्धत (डीएनएस हे साखरेबरोबर रंग देणारं रसायन), मिलरने १९५९ मध्ये दिलेली, अजून सगळे तीच वापरतात. एन्झाइम आणि स्टार्च ठराविक वेळ एकत्र ठेवायचे, डीएनएस घालून उकळायचं, साखर सुटली असेल तर लालसर-तपकिरी रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा. एका मिनिटात १ मायक्रोमोल माल्टोज सोडणारं एन्झाइम म्हणजे १ युनिट.

आता ब्लँक, म्हणजे एन्झाइमचं काम न झालेली तुलनेची नळी. कचऱ्यावर काम केलं की अर्कात कचऱ्याची स्वतःची साखर असते, बोंडूच्या चोथ्यात तर भरपूर, आणि अर्काचा रंगही मुळात तपकिरी. डीएनएसला ही साखर जुनी की नवी ते कळत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याला त्याचाच ब्लँक हवा, म्हणजे तोच अर्क उकळून एन्झाइम मारून, तेवढाच स्टार्च घालून, तेवढाच वेळ. पाण्याचा ब्लँक लावून काढलेले प्रचंड आकडे मी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये खूप बघते आणि मुलांची वर्षभराची मेहनत त्याच्यापायी वाया जाते म्हणून वाईट वाटतं. ब्लँक फारच गडद असेल तर अर्क डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, साखर काढा.

शेवटचा आकडा "एक ग्रॅम कोरड्या कचऱ्यामागे किती युनिट" असा द्या आणि सोबत कुठल्या तापमानाला, कुठल्या पीएचला मोजलं तेही लिहा, नाहीतर कोणाशी तुलना करता येत नाही.

१३. पहिल्या दिवशी चांगलं होतं, चार दिवसांनी फ्रिजमध्येच एन्झाइम मेलं. का?

बहुतेक वेळा प्रोटिएजमुळे. बॅसिलस अमायलेजबरोबर प्रोटिएजही सोडतो, अर्क साठवला की तो अमायलेजला खात बसतो, आणि दुसरं काही नसेल तर स्वतःलाही. पेशी लवकर वेगळ्या करा, थंड ठेवा, अमोनियम सल्फेटने साका बसवून घट्ट करून ठेवा किंवा ग्लिसरॉल घाला. बॅसिलसच्या बऱ्याच अमायलेजना टिकायला कॅल्शियम लागतं, थोडं कॅल्शियम क्लोराइड घालायचं, पण मग फॉस्फेट बफर वापरू नका, दोघांचा साका होतो. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घातला तर कॅल्शियम ओढला जातो आणि उरलंसुरलंही जातं.

१४. स्ट्रेन आधी भरपूर एन्झाइम द्यायचा, आता कमी देतो. थकला का?

सारखं प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलं की आरामात खाऊन वाढणारे, एन्झाइम कमी बनवणारे वंशज पुढे निघतात. पहिल्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये बऱ्याच नळ्या भरून डीप फ्रीजरला ठेवा आणि दर वेळी तिथूनच नवी सुरुवात करा. खरंच चांगला स्ट्रेन असेल तर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदिगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात जमा करा, गोव्यात एका फ्रीजरवर विसंबून राहू नका, पावसाळ्यात वीज किती वेळ जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

१५. सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनए वाचून ओळख पटवताना) बॅसिलस सेरियस आला, पण एन्झाइम जबरदस्त देतो. पुढे जाऊ का?

थांबा. बॅसिलस सेरियस स्टार्चही खातो, दुधाच्या प्लेटवरही सुंदर झोन देतो, म्हणून तो निवडीत हमखास वर येतो, पण तो अन्नातून विषबाधा करणारा आहे आणि त्याचं उलटी करवणारं टॉक्सिन उकळूनही जात नाही. खाण्याच्या, पशुखाद्याच्या किंवा घरगुती वापराच्या मालासाठी तो बाद. दुसरी गोष्ट, फक्त १६एस या ओळखीच्या जीनवरून सेरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅक्सवाला अँथ्रॅसिस हे एकमेकांपासून नीट वेगळे होत नाहीत, त्यामुळे "९९ टक्के थुरिंजिएन्सिस" आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ओळख पटवण्याचं काम मोठ्या बॅचच्या आधी करा.

१६. एन्झाइम नैसर्गिक आहे, मग मास्क-ग्लोव्हज कशाला?

पावडर श्वासात गेली तर ॲलर्जी आणि दमा होतो. १९६० च्या दशकात डिटर्जंटच्या कारखान्यांत बॅसिलसच्या प्रोटिएजची कोरडी पावडर हाताळणाऱ्या कामगारांना हाच त्रास झाला, १९६९ मध्ये ते वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, आणि त्यानंतर कंपन्या एन्झाइमचे लेप दिलेले दाणे करू लागल्या. घरगुती पातळीवर तर पावडर करूच नका, पातळ स्वरूपातच ठेवा. बचत गटाच्या बायकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

१७. परवानगी काय लागते?

भारतीय विद्यार्थ्याला अभ्यासासाठी गोव्यातल्या मातीतला बॅक्टेरिया वापरायला अडचण नाही. धंद्यासाठी वापरणार असाल तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, त्यात सूक्ष्मजीवही येतात, आणि गोवा राज्य जैवविविधता मंडळाशी आधी बोलावं लागतं. परदेशी कंपनी किंवा परदेशी भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी. खाण्याच्या मालासाठी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण), सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ.

१८. धंदा म्हणून परवडेल का?

शुद्ध एन्झाइम विकून मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करायला जाऊ नका. त्यांचे स्ट्रेन जनुकीय बदल केलेले असतात, टाक्या हजारो लिटरच्या असतात, त्या भावात आपल्याला जमणार नाही. पण जिथे शुद्ध माल लागतच नाही आणि गिऱ्हाईक जवळ आहे तिथे जागा आहे: माशांचा कचरा प्रोटिएजने विरघळवून खत किंवा खाद्य करणं, पिसांचं खाद्य करणं, हॉटेलांच्या ग्रीज ट्रॅपसाठी (सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीसाठी) लायपेज. इथे कचरा आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच तालुक्यात मिळतात. एक सीझन फक्त आकडे काढा, युनिटमागे किती रुपये पडले ते वाळवण आणि विजेसकट लिहा, मगच कर्ज काढा.

१९. एन्झाइम काढल्यावर उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

आधी निर्जंतुक करा, तसाच बाहेर टाकू नका, त्यात तुमच्या एका स्ट्रेनचे अब्जावधी स्पोर असतात. प्रेशरखाली ४० मिनिटं दिल्यावर कंपोस्टमध्ये घालता येतो, पेंड-कोंड्यातला बराच नायट्रोजन त्यात शिल्लक असतो, माडाला आणि पोफळीला चालतो. मासळी किंवा मिठागराच्या मातीसाठी मिठाचं मीडियम वापरलं असेल तर मात्र झाडाला घालू नका, आधी मीठ धुवून काढा.